पेवातला कंदील आणि बोलका धागा

मराठीत आपण 'पेव फुटले' असे सहज म्हणतो. शिकवण्यांचे पेव फुटले, पतसंस्थांचे पेव फुटले. पण पेव म्हणजे नेमके काय, असे वर्गात विचारले की बहुतेक मुले एकमेकांकडे बघतात. ज्याची आजी मंगळवेढ्याकडची असते, असा एखादाच हात वर होतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेले ज्वारीचे कोठार. कोरड्या, घट्ट जमिनीत खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद ठेवायचे, आत सगळीकडून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि वरून दगडी फरशी ठेवून मातीने लिंपून टाकायचे. आपल्यासारख्या दुष्काळी मुलखात चांगल्या वर्षाची ज्वारी वाईट वर्षासाठी राखून ठेवण्याची ही रीत होती.

ज्वारी पेवात टिकायची कशी? धान्यही श्वास घेते, त्यातली कीडही घेते. बंद पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड साचतो. त्या हवेत कीड मरते आणि धान्य वाचते. पण जी हवा किडीला मारते ती माणसालाही सोडत नाही. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. तोंड बराच वेळ उघडे ठेवायचे, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचे. जळत राहिला तर उतरायचे. जुन्या विहिरीत उतरतानाही हीच रीत.

तो कंदील म्हणजे आपल्या मुलखातला जुना गॅस सेन्सर. आज जगभरच्या प्रयोगशाळांत अंगातल्या कपड्याच्या धाग्यालाच हे काम शिकवले जात आहे. वाईट हवा आली की धागा रंग बदलतो किंवा त्यातून वाहणारी वीज कमी-जास्त होते आणि घालणाऱ्याला इशारा मिळतो. कंदिलापासून धाग्यापर्यंतच्या या इतिहासात दोन प्रश्न सारखे भेटतात. हवा वाईट आहे हे सांगणार कोण? आणि वाईट हवेत उतरणार कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके सुधारत गेले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र फारसे बदललेले नाही.

बगदादमधले तीन भाऊ

नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होऊन गेले. इतिहास त्यांना बनू मूसा, म्हणजे मूसाची मुले, या नावाने ओळखतो. गणित आणि खगोलशास्त्राबरोबर त्यांना यंत्रांचा मोठा नाद होता. त्यांच्या 'किताबुल हियल' या ग्रंथात शंभरच्या आसपास युक्त्यांची वर्णने आहेत. आपोआप भरणारी भांडी, तऱ्हेतऱ्हेची कारंजी, वाऱ्यात न विझणारा दिवा. यातली बरीचशी दरबारी करमणुकीची होती. पण त्यांतच एक साधन असे आहे की ज्याचा दरबाराशी काही संबंध नाही. दूषित हवेच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाला वरून भात्याने आणि नळीने स्वच्छ हवा पुरवणारे ते साधन आहे.

आपल्या सोनेरी काळाच्या गोष्टी सांगताना आपण ग्रहताऱ्यांवर, वैद्यकावर, बीजगणितावर भरभरून बोलतो. या नळीबद्दल कोणी फारसे बोलत नाही. मला मात्र ती त्या सगळ्यांच्या पंक्तीला बसवावीशी वाटते. खलिफाच्या शहरात बसलेल्या तिघा विद्वानांनी विहीर उपसणाऱ्या मजुराच्या श्वासाचा विचार केला, आणि तो अकराशे वर्षांपूर्वी केला.

तारेचे कापड

कंदिलाची एक मर्यादा होती. प्राणवायू कमी आहे एवढेच तो सांगे. हवेत पेट घेणारा वायू असेल तर कंदीलच काळ ठरे. इंग्लंडच्या कोळसा खाणींत मिथेन साचायचा आणि खाणकामगाराच्या उघड्या दिव्याने त्याचा भडका उडायचा. २५ मे १८१२ रोजी फेलिंग या खाणीतल्या स्फोटात ९२ माणसे आणि मुले मेली. त्यानंतर हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाकडे हा प्रश्न गेला आणि १८१५ च्या अखेरीस त्याने त्यावर उपाय शोधला.

सोलापूरकरांनी तो उपाय लक्ष देऊन पाहावा, कारण तो विणकामाचा आहे. डेव्हीने दिव्याच्या ज्योतीभोवती तारेचे बारीक विणलेले कापड गुंडाळले. उभ्या-आडव्या तारा, दर चौरस इंचाला ७८४ भोके. हवा आणि वायू भोकांतून आत जातात, पण ज्योतीची उष्णता तारांत पसरून जाते आणि बाहेरचा वायू पेटत नाही. शिवाय मिथेन असला की आतली ज्योत उंच होते आणि तिच्याभोवती निळसर वलय दिसते. म्हणजे एकच दिवा उजेड देणारा, अडवणारा आणि सांगणाराही झाला.

पुढे घडले ते मात्र डेव्हीच्या मनात नव्हते. ज्या थरांत वायूच्या भीतीने कोणी जात नव्हते, तिथे आता 'दिवा आहे ना' म्हणून माणसे पाठवली जाऊ लागली. हवा खेळती ठेवण्याचा खर्च टाळून दिव्यावर भिस्त ठेवली गेली. जाळी जुनी झाली, वाकली, गंजली की दिवा निकामी व्हायचा. डेव्हीच्या दिव्यानंतरच्या काही दशकांत खाणींतले स्फोटबळी कमी होण्याऐवजी वाढल्याचे इतिहासकारांनी नोंदवले आहे. सुरक्षेचे साधन माणसाला आणखी धोक्यात ढकलण्याचा परवाना बनू शकते, हा या इतिहासातला पहिला धडा.

दुसरा धडा पक्ष्यांचा. जॉन स्कॉट हाल्डेन याने १८९६ मध्ये दाखवून दिले की खाणींतल्या स्फोटानंतर पुष्कळ कामगार आगीने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात. या वायूला ना रंग ना वास. माणसाच्या आधी ज्याला त्याचा त्रास होईल असा छोटा जीव सोबत न्यावा, असे त्याने सुचवले. ब्रिटनच्या खाणींत १९११ पासून पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी उतरू लागले आणि १९८६ पर्यंत उतरत राहिले. पक्षी दांडीवरून पडला की माणसे बाहेर पळत. आमच्या गटारांत आजही पिंजरा नाही. तिथे पहिला उतरलेला माणूसच पक्ष्याचे काम करतो.

नाक दगा देते

कोणी म्हणेल, गटारातल्या वायूला वास असतोच, नाकाला कळणार नाही का? इथेच जीव जातो. मैला आणि गाळ कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी वायू असला तरी येतो. पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की वास घेणारी नसच बधिर होते. माणसाला वाटते, वास गेला, हवा साफ झाली. पाचशे ते हजार भागांवर तो काही क्षणांत कोसळतो. तळातला गाळ स्थिर असतो तोवर वायू त्यात दबलेला असतो. फावडे घातले की तो एकदम उसळतो. म्हणून आधी केलेली वासाची परीक्षा काही कामाची नसते.

आणि म्हणूनच बातमीत कधी एकाचे नाव नसते. एक उतरतो, तो बोलत नाही म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. बऱ्याचदा ते एकाच घरचे किंवा एकाच गल्लीतले असतात. सोबत्याला वाचवायला धावणे हा माणसाचा सगळ्यात चांगला गुण, आणि हा वायू त्याच गुणाचा घात करतो. कारखान्यांची गोष्टही वेगळी नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात गळतीचा पहिला सुगावा यंत्राला नाही, कामगारांच्या डोळ्यांना लागला. डोळ्यांतून पाणी येऊ लागले तेव्हा वायू आहे हे कळले. एवढ्या मोठ्या कारखान्यात कामगाराचा डोळाच सेन्सर होता.

कल्हईवाल्याचे तीन जिन्नस

आता यंत्रांकडे येऊ. त्याआधी एका जुन्या कारागिराची आठवण काढली पाहिजे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कल्हईवाला आपल्या भागात बहुधा मुसलमानच असायचा. त्याच्याकडे तीन जिन्नस असत: कथील, नवसागर आणि कापसाचा बोळा. भांडे तापवायचे, नवसागर टाकून पुसायचे, पांढरा धूर निघायचा, मग कथील लावून बोळ्याने फिरवायचे. उर्दूतला 'नौशादर' तोच मराठीतला नवसागर. जाबिर इब्न हय्यान यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अरबी ग्रंथांत त्याची चर्चा आहे. रसायनात तो अमोनियम क्लोराइड, म्हणजे अमोनियाचा क्षार. 'कल्हई' हा शब्दही अरबीतल्या 'कलई' या कथलाच्या नावावरून आला आहे.

गंमत अशी की आधुनिक गॅस सेन्सरची गोष्ट याच जिनसांभोवती फिरते. जपानमध्ये घराघरांत सिलिंडर आले आणि गळतीचे अपघात होऊ लागले. नाओयोशी तागुची या संशोधकाने १९६२ मध्ये कथलाच्या ऑक्साइडचा सेन्सर मांडला. तापवलेल्या कथील ऑक्साइडच्या कणांवर हवेतला प्राणवायू चिकटतो आणि कणांतले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे वीज नीट वाहत नाही. गॅस आला की तो त्या प्राणवायूशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वीज जास्त वाहू लागते. तेवढ्या फरकावर भोंगा वाजवता येतो. आज स्वयंपाकघरात लावलेल्या कित्येक गळती-सूचकांत हेच तत्त्व आहे.

पण त्यातला कण दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. वीज खर्च होते, वस्तू कडक असते. भिंतीवर ती शोभते, सदऱ्यात शिवता येत नाही. कमरेला लावायची छोटी चार वायूंची यंत्रे आज मिळतात. त्यांत प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजले जातात. ती भरवशाची आहेत, पण महाग आहेत आणि ठरावीक काळाने तपासून घ्यावी लागतात. ठेकेदाराच्या रोजंदारीवरच्या माणसाच्या कमरेला ती क्वचितच दिसतात.

काळ्या रंगाचे गुपित

कपड्यातल्या सेन्सरची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, रंगाच्या हौदात झाली. १८३४ मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ॲनिलिनपासून गडद रंग तयार होताना दिसला. १८६३ मध्ये लँकेशायरच्या जॉन लाइटफूट याने सुती कापडावर 'ॲनिलिन ब्लॅक' हा पक्का काळा रंग चढवण्याचे पेटंट घेतले. यात रंग आधी तयार करून कापडाला लावत नाहीत. ॲनिलिन कापसाच्या तंतूंत मुरवतात आणि तिथेच त्याची लांबलचक साखळी घडवतात. म्हणून तो धुऊन जात नाही. या साखळीच्या कुळाला आज पॉलिॲनिलिन म्हणतात. ॲनिलिन स्वतः विषारी आहे, आणि रंगांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन डॉक्टरने दाखवून दिले. काळा रंग पक्का होता, पण त्याचा हिशेब कामगाराच्या शरीरात लिहिला जात होता.

पुढची शंभर वर्षे या कुळाकडे लोकांनी रंग म्हणूनच पाहिले. १९७७ मध्ये हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी पॉलिॲसिटिलीन या दुसऱ्या एका प्लास्टिकमधून वीज वाहू शकते हे सिद्ध केले. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मग पॉलिॲनिलिनकडे नव्याने पाहिले गेले. आम्लात ते हिरवे असते आणि वीज वाहून नेते. अमोनिया आला की तो त्यातले आम्ल हिरावून घेतो, रंग निळा पडतो आणि वीज मंदावते. मोकळी हवा मिळाली की ते बऱ्याच अंशी पूर्ववत होते. आणि यासाठी तापवण्याची गरज नाही, खोलीचे तापमान पुरते.

इथून धाग्यापर्यंतचे अंतर थोडे होते. सुती धागा ॲनिलिन आणि आम्लाच्या थंड द्रावणात बुडवायचा, त्यात ऑक्सिडीकारक मिसळायचे, काही तासांत धाग्यावर हिरवा थर बसतो. दोन टोकांना तारा जोडल्या की धागा बोलू लागतो. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी सुतावर ग्राफीनचा थर देऊन नायट्रोजन डायऑक्साइड ओळखणारा धागा केला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात समीर सोनकुसळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायू आला की रंग बदलणारे आणि धुता येणारे धागे तयार केले. फोनच्या कॅमेऱ्याने तो रंग मोजता येतो. हे काम रंगाऱ्याचेच आहे, फक्त रंग टिकावा म्हणून नव्हे तर बदलावा म्हणून दिलेला.

हे ज्ञान फक्त परदेशात आहे असे नाही. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पॉलिॲनिलिन आणि पॉलिपायरोल यांच्या पातळ थरांचे गॅस सेन्सर तयार करून त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झालेले आहेत. तो थर काचेवरून सुतावर यायला सोलापूरइतके योग्य गाव कुठे सापडेल? १८७७ साली इथे जुनी मिल उभी राहिली. पद्मशाली आणि मोमीन विणकरांच्या पिढ्या इथे मागावर बसल्या. इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. गेल्या काही वर्षांत गणवेशाच्या शिलाईतही सोलापूरने नाव कमावले आहे. सूत रंगवणारा, विणणारा, शिवणारा आणि त्यावर संशोधन करणारा असे चौघेही एकाच शहरात राहतात.

धागा सांगेल, पुढे काय?

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. घामाने, दमट हवेने धाग्याचे मोजमाप बिघडते. कपडा वाकतो, घासतो, धुतला जातो, त्यात थर झिजतो. पॉलिॲनिलिन अमोनियाला चटकन ओळखते, मिथेनला जवळजवळ ओळखत नाही. गटारात तर तीन-चार वायू एकदम असतात आणि प्राणवायूही कमी असतो. एका धाग्यावर कोणाचा जीव टांगता येणार नाही. आज तरी हे धागे भरवशाच्या यंत्राला जोड म्हणूनच पाहावे लागतील. या अडचणी रसायनाच्या आहेत, आणि रसायनाच्या अडचणी आज ना उद्या सुटतात.

खरी अडचण डेव्हीच्या दिव्याने दाखवली ती आहे. उद्या असा सदरा निघाला आणि ठेकेदार म्हणाला, 'सदरा घातलाय ना, मग उतर', तर त्या सदऱ्याने किती वाचवले आणि किती मारले याचा हिशेब कोण ठेवणार? कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यायला सांगितले आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ मरणे थांबलेले नाही.

या कामात उतरणारे बहुतेक दलित असतात, काही ठिकाणी मुसलमानांतल्याही मेहतर जमाती असतात. आपल्यात उच्चनीच नाही असे मशिदीच्या रांगेकडे बोट दाखवून सांगणाऱ्यांनी हे विसरू नये. अकबर बादशहाने झाडूवाल्यांसाठी 'हलालखोर' हे नाव रूढ केले, असे अबुल फझलने 'आइने अकबरी'त लिहून ठेवले आहे. नाव सुंदर होते, म्हणजे हक्काची भाकर खाणारा. काम मात्र तेच राहिले, आणि त्या कामाशी चिकटलेला विटाळही. आज सरकारी भाषेत त्यांना 'सफाई मित्र' म्हणतात. हेही नाव चांगले आहे. पण चारशे वर्षांत दोन सुंदर नावे मिळालेल्या माणसाला एक नळी मिळाली नाही, जी बनू मूसांनी बगदादमध्ये अकराशे वर्षांपूर्वी काढून ठेवली होती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की या बोलक्या धाग्याचे स्वागत करताना त्याच्यासोबत तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. यंत्राने होणारे काम यंत्रानेच व्हावे, धागा त्याला पर्याय नाही. जिथे माणूस टाळताच येत नाही, म्हणजे कारखाना, रंगाई, खाण, अग्निशमन, तिथे हा कपडा गणवेशाचा भाग म्हणून मालकाने द्यावा, कामगाराच्या मजुरीतून त्याचे पैसे कापू नयेत. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: धाग्याने रंग बदलला की काम टाकून बाहेर येण्याचा हक्क कामगाराला असावा, आणि त्या दिवसाची मजुरी बुडू नये. हा तिसरा हक्क नसेल तर इशारा असूनही माणूस खालीच राहील, कारण रोजंदारीवाल्याला वायूपेक्षा संध्याकाळच्या चुलीची भीती जास्त असते.

पेव उघडणारा शेतकरी शिकलेला नव्हता. पण कंदील विझला की थांबायचे, एवढे तो पाळत होता. ते पेव त्याचे होते, धान्य त्याचे होते आणि उतरायचे की नाही हा निर्णयही त्याचाच होता. धाग्याला बोलायला शिकवणे शास्त्रज्ञांचे काम आहे आणि ते ते करतील. धाग्याचे ऐकून थांबता येईल अशी मोकळीक त्या सदऱ्यातल्या माणसाला मिळवून देणे हे आपले काम आहे.